भीमेच्या काठाने: उजनी ते कुडल, मगरीच्या शोधात

फेब्रुवारीचा शेवट सोलापूर जिल्ह्यात हिंडायला फार चांगला. पहाटे शाल लागते, अकराला टोपी लागते आणि दोनच्या सुमाराला सावली गाठावी लागते. मगरीलाही हेच दिवस मानवतात. रात्रभर पाण्यात गार पडलेलं अंग घेऊन ती सकाळी काठावर येते, ऊन खाते, आणि चटका बसायला लागला की पुन्हा पाण्यात उतरते. एप्रिल-मेमध्ये गेलात तर काठावर यायचा वेळ पार आखडलेला असतो, आणि पावसाळ्यात नदी भरली की काठच उरत नाही.

कृष्णेतल्या मगरी म्हटलं की सांगली सगळ्यांना आठवते. भीमेत मगर आहे हे मात्र सोलापूरबाहेर फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. माझे मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी भीमा आणि सीनेच्या बंधाऱ्यांवर गेली, त्यामुळे कुठल्या डोहात काय आहे हे त्यांना तोंडपाठ. दरवेळी फोनवर मगरीचा विषय निघायचा. यंदा त्यांनी निक्षून सांगितलं, "अगं, फोनवर किती ऐकशील? चार दिवस काढ आणि ये. धरणापासून संगमापर्यंत नदीच दाखवतो तुला." मी रजा टाकली.

शुक्रवार: टेंभुर्णी, उजनीचं पाणी

स्वारगेटहून पहाटेची सोलापूर गाडी धरून टेंभुर्णीला उतरले. मामा गाडी घेऊन उभेच होते. चहा झाला की थेट जलाशयाकडे.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळचं पाणी. वर्तमानपत्रात 'उजनी उणे अमुक टक्के' अशी बातमी येते तेव्हाही धरणात अफाट पाणी असतं ते यामुळेच. फेब्रुवारीत पाणी उतरायला लागलेलं असतं आणि जिकडेतिकडे चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडतात. त्या पट्ट्यांवर रोहित पक्षी. सकाळच्या उन्हात शेकड्यांनी माना खाली घालून चरत होते. एक थवा उठला आणि पंखांखालचा लाल रंग एकदम उघडा झाला तेव्हा मामा बोलता बोलता थांबले.

होडीवाले काका भोई समाजातले, साठीचे. त्यांचं मूळ गाव याच पाण्याखाली गेलेलं. मगरीचं विचारल्यावर त्यांनी वल्हं आडवं ठेवलं.

"हाय की. पण हितं रोज दिसायची न्हाय, पाणी केवढं हाय बगा! मी एकदाच जवळनं बघितली. तिकडं वड्याच्या तोंडाला जाळं लावलं हुतं. पहाटं जाऊन बघतोय तर जाळ्यातला मासा धरून वढतीया. मी वल्हं आपटलं, तर जाळं फाडून गेली."

"राग आला असेल?"

"जाळ्याचा आला. तिचा कशाला? तीबी माशावर, मीबी माशावर."

काकांच्या जाळ्यातून ती सुटली, पण प्रत्येक वेळी असं होत नाही. मगर हवेत श्वास घेणारा प्राणी. साधारण दहा-पंधरा मिनिटं ती सहज पाण्याखाली राहते, शांत पडून असेल तर तासाभराहूनही जास्त. त्या वेळी तिच्या हृदयाचे ठोके अगदी मंदावतात. पण जाळ्यात अडकून धडपड सुरू झाली की हवा भराभर संपते आणि ती बुडून मरते. लहान पिल्लांच्या बाबतीत तर हे फारच सोपं.

ओढ्याचं तोंड ही जागा काकांनी सांगितली तेव्हा मामांनी माझ्याकडे बघितलं. गोड्या पाण्यातल्या या आपल्या मगरीला संथ आणि उथळ पाणी आवडतं, पाच मीटरपेक्षा खोल पाण्याच्या नादी ती सहसा लागत नाही. म्हणून नद्यांचे डोह, तलाव, बंधाऱ्यामागचं तुंबलेलं पाणी ही तिची घरं. एवढ्या मोठ्या जलाशयात तिला शोधायचं तर मधल्या पाण्याकडे बघत बसण्यात अर्थ नाही. कडेचे ओढे बघायचे.

आम्ही दोन ओढे पालथे घातले. बगळे, चित्रबलाक, थापट्या बदकं, चिखलात म्हशींच्या खुरांचे ठसे. मगर नाही. त्याचं वाईट वाटलं नाही, कारण मामांनी काठ दाखवायला सुरुवात केली होती. "हे बघ, पावसाळा संपताना पाणी त्या बाभळींपाशी होतं. आता इथे आहे. मे महिन्यात आणखी कितीतरी आत जाईल. मगरीनं आज त्या वरच्या मातीत अंडी घातली तर पिल्लं निघतील तेव्हा पाणी कुठे असेल?" जलाशयात पाणी मुबलक, पण काठ रोज जागा बदलतो. पुढचे सगळे दिवस हा काठ माझ्या डोक्यातून गेला नाही.

जेवायला रस्त्याकडेच्या खानावळीत तळलेली चिलापी, कालवण आणि ज्वारीची भाकरी. चिलापीला काटे कमी, मीठ-तिखट सढळ.

होडीने जाणार असाल तर सूर्योदयाला पाण्यावर असा. दहानंतर वारं सुटतं, लाटा येतात आणि दुर्बीण स्थिर राहत नाही. रोहित पक्ष्यांच्या थव्यात होडी घालायला नावाड्याला सांगू नका. दुरून चांगले दिसतात आणि चरतही राहतात.

शनिवार: पंढरपूर

वारी नसताना पंढरपूर निवांत असतं. मुखदर्शन लवकर झालं. दुपारभर मठात आडवे झालो आणि उन्हं उतरल्यावर वाळवंटात गेलो.

घाटाच्या पायऱ्यांवर एक महाराज गजेंद्रमोक्ष सांगत होते. समोर फार तर तीस माणसं. हत्ती पाण्यात उतरतो, नक्र त्याचा पाय धरतो, ओढाताण चालते आणि शेवटी गजेंद्र हरीचा धावा करतो. गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. महाराजांनी मात्र पुढचं पानही उलटलं. तो नक्र म्हणजे शापित गंधर्व हूहू, आणि सुदर्शनाने त्याचाही उद्धार झाला. "धरणारा आणि धरला गेलेला, देवानं दोघांनाही सोडवलं," असं म्हणून त्यांनी टाळ उचलले. मामा हळूच म्हणाले, "हे लोक विसरतात बघ."

पाय धरून न सोडणं हे नक्राचं लक्षण गोष्टीत अगदी बरोबर आलं आहे. मगरीचे दात धरण्यासाठी असतात, चावून बारीक करण्यासाठी नाहीत. जबडा मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे, उघडणारे मात्र इतके दुबळे की मोठ्या मगरीचंही तोंड दोरीने बांधून ठेवता येतं. शिकार मोठी असेल तर ती धरून पाण्यात स्वतःभोवती गिरक्या घेते आणि लचका तोडते. दात पडले तरी बिघडत नाही, आयुष्यभर नवे येत राहतात. तोंड मिटलेलं असतानाही खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो. पण हत्ती कुठला आणि काय! आपल्या मगरीचा रोजचा घास म्हणजे मासे, बेडूक, खेकडे, कासवं, पाणपक्षी, कधी कुत्रं किंवा वासरू, कधी वाहून आलेलं मेलेलं जनावर. पिल्लं तर किड्यांवर वाढतात. आणि अंगाची उष्णता ती उन्हाकडून उसनी घेत असल्यामुळे तिला खायला लागतं फार थोडं. मोठी मगर काही महिने उपाशी राहू शकते.

अंधार पडायच्या आत आम्ही वाळवंटातून थोडं खालच्या अंगाला चालत गेलो. तिथे वाळू कमी आणि खड्डे जास्त. कडा कोसळलेल्या, खड्ड्यांत हिरवं पाणी साचलेलं. एके ठिकाणी मी वाळूचा थर बघायला खाली बसले तर बोटभर वाळूखाली चिकट काळी माती लागली. वाळू उपशाबद्दल आपण बोलतो तेव्हा पूल, विहिरी आणि भूजल यांच्याबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण ज्या प्राण्याची पुढची पिढी अक्षरशः वाळूत आणि भुसभुशीत मातीत जन्मते त्याचं नाव त्या यादीत कधी येत नाही, याची मला तिथे बसल्या बसल्या चीड आली.

रात्री गरम झुणका, भाकरी आणि ताक.

रविवार: माचणूर

पंढरपूरहून मंगळवेढामार्गे माचणूर. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चाललेली. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ही काळ्या रानाची आणि ओलाव्याची कमाई. पाणी न देता, जमिनीतल्या ओलीवर पिकते. कणसं खुडून ढीग लावले होते, कडब्याच्या पेंढ्या बांधून होत होत्या. एका रानात थांबलो तर तिथल्या आजींनी विचारपूस करायच्या आधी पाणी दिलं आणि मग दोन भाकरी व ठेचा फडक्यात बांधून हातावर ठेवला.

माचणूरला भीमा मोठं वळण घेते. काठावर सिद्धेश्वराचं मंदिर, पायऱ्यांचा उंच घाट, नदीच्या पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ आणि बाजूला किल्ल्याच्या ढासळत्या भिंती. १६९५ पासून सुमारे चार वर्षं औरंगजेबाची छावणी या ब्रह्मपुरीच्या परिसरात होती. एवढी मोठी फौज, हत्ती, घोडे, उंट याच पाण्यावर जगले. मी पायरीवर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. घाटावर कपडे आपटण्याचा आवाज, वरून घंटा, आणि समोरच्या काठावर टिटवी ओरडत होती.

घाटापासून बरंच पुढे, जिथे काठ सरळ उभा तुटलेला आहे, तिथे मामांच्या ओळखीचे एक शेतकरी आम्हाला घेऊन गेले. त्यांनी पलीकडच्या कडेकडे बोट दाखवलं. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मातीत एक भोक. अर्धी भाकरी मोडून उभी ठेवावी तसा आकार, खालची बाजू सपाट, वरून कमान. दुर्बिणीतून बघितलं तर खालची माती घासून गुळगुळीत झालेली आणि तिथून पाण्यापर्यंत एक ओली घसरण उतरलेली. घसरणीच्या मधोमध शेपटीची सलग रेघ. दोन्ही बाजूंना पावलं: पुढच्या पायाची पाच बोटं, मागच्या पायाची चार, आणि मागच्या पावलाचा ठसा मोठा. जवळच चुन्यासारखी पांढरी पडलेली वाळकी विष्ठा.

हे मगरीचं बीळ. अशी बिळं खोदणं हा आपल्या मगरीचा खास गुण आहे. ती पायांनी आणि नाकाडाने माती उकरते, आत काही मीटर लांब बोगदा करते आणि शेवटी वळता येईल एवढी जागा ठेवते. बाहेर चाळीस अंशांच्या पुढे तापतं तेव्हा आत दमट गारवा असतो, थंडीत आत ऊब असते. डोह आटला तरी मगर बिळात पडून राहू शकते. अगदीच अडचण आली तर रात्री उठून जमिनीवरून चालत दुसऱ्या पाण्याकडे जाते. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना या बिळाची किंमत वेगळी सांगायला नको.

शेतकरीदादा म्हणाले, "परवा धरणातनं पाणी सोडलंय म्हणतेत. ते आलं की हे भोक पाण्याखाली जातंय. मग दोन-चार दिवस ती दिसत न्हाय. पाणी उतरलं की परत हितंच."

पंढरपूरच्या आणि सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येतं. शहरासाठीचं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत असंच वाहत जातं. मामांनी कित्येक वर्षं या पाण्याचा हिशेब ठेवला. ते म्हणाले, "आम्ही बघायचो किती क्युसेक सोडलं, किती पोचलं, मोटारी किती लागल्या. काठावर कुणाचं घर आहे हे कधी कुठल्या रजिस्टरात लिहिलं नाही." बीळ पाण्याखाली गेलं तर मोठी मगर बाहेर पडते. अंड्यांना तसं करता येत नाही. त्यांना कवचातून श्वास लागतो, पाण्यात बुडली की आतली पिल्लं गुदमरतात. घरटं किती उंचावर केलंय यावर सगळं ठरतं, आणि उंचावरची मऊ माती नांगराखाली गेलेली असेल तर मादीला खाली सरकावं लागतं.

तिथेच पाण्यात एक वाळकी बाभूळ आडवी पडली होती आणि तिच्यावर बगळे बसले होते. मी मामांना मगरीच्या काड्यांची गोष्ट सांगितली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँक या मगर संवर्धन केंद्रातल्या मगरींची ही सवय नोंदवली गेली. बगळ्यांची वीण सुरू झाली की घरट्यांसाठी काड्यांची टंचाई होते. त्या दिवसांत मगरी नाकाडावर काड्या घेऊन घरट्यांच्या झाडांखाली पाण्यात निश्चल पडून राहत. बगळा काडी उचलायला वाकला की झडप. अमेरिकेतल्या लुइझियानात अॅलिगेटरही असंच करताना दिसले, आणि तिथे हे काड्या घेऊन पडणं पक्ष्यांच्या विणीच्या हंगामातच जास्त दिसलं. सरपटणाऱ्या प्राण्यांनी शिकारीसाठी साधन वापरल्याची ही पहिली नोंद. आपण ज्याला नुसतं पडून राहणारं जनावर समजतो ते किती बारकाईनं आजूबाजूला बघत असतं! मामा बराच वेळ त्या बाभळीकडे दुर्बीण लावून बसले.

माचणूरच्या घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, जपून. तुटलेल्या काठाच्या अगदी कडेला उभं राहू नका, खालून पोखरलेला असतो. आणि बीळ दिसलं तर त्याच काठाने जवळ जाऊन आत डोकावण्याचा मोह कृपा करून टाळा. पलीकडच्या काठावरून दुर्बिणीने सगळं दिसतं.

रात्री सोलापुरात. मामींनी कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि वरून शेंगांची पोळी असा बेत केला होता. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली.

सोमवार: हत्तरसंग कुडल

पहाटे विजापूर रस्त्याला लागलो. वडकबाळला सीना ओलांडली, मंद्रूप गेलं आणि आत वळून हत्तरसंग कुडल. इथे सीना भीमेला मिळते. पलीकडे कर्नाटक. काठावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही जुनी देवळं. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे: 'वाछितो विजेयां होईवा' अशा ओळीचा. आपल्या भाषेच्या सगळ्यात जुन्या कोरीव ओळींपैकी ही एक. हरिहरेश्वराच्या आवारात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. एकेक मुख बघायला अर्धा तास दिला तरी कमी. पण मला त्या दिवशी आधी नदी बघायची होती.

संगमाच्या जरा खाली, पलीकडच्या अंगाला वाळूचा एक लांब दांडा पाण्याबाहेर आला होता. आठच्या सुमाराला त्यावर फक्त नदीसुरय पक्षी होते. आम्ही बांधावरच्या लिंबाखाली बसलो. साडेआठ वाजले. पाण्यात एक ओंडका दिसला, मग तो तिथे नव्हता. मामांनी माझ्या दंडाला हात लावला.

आधी नाकपुड्यांचा उंचवटा, मग थोडं मागे डोळे. मगरीच्या नाकपुड्या, डोळे आणि कान एकाच रेषेत डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे बाकी सगळं अंग पाण्याखाली ठेवून तिला श्वास, नजर आणि कान तिन्ही वापरता येतात. कितीतरी वेळ ती तशीच होती. मग वाळूला टेकली आणि उठली. हो, उठली! फरफटत येईल असं वाटलं होतं, पण चारही पाय अंगाखाली घेऊन, पोट वाळूपासून पूर्ण उचलून ती चालत वर आली. आठ-दहा पावलं. मग पाय सैल सोडून पोटावर बसली आणि अंग उन्हाला आडवं केलं. पाण्यातून आल्या आल्या रंग जवळजवळ काळा होता, वाळत गेला तसा मातकट, ऑलिव्ह छटेचा झाला. मानेवरचे मोठे खवले, पाठीवरच्या हाडांच्या ढालींच्या ओळी, शेपटीवर आधी दुहेरी आणि मग एकेरी होणारी करवत. नाकाड रुंद आणि बोथट. तिच्या वंशातल्या जगभरच्या जातींत आपल्या मगरीचंच नाकाड सगळ्यात रुंद.

वीसेक मिनिटांनी तिने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. आत फिकट पिवळसर गुलाबी. जीभ खाली चिकटलेली. मगरीला जीभ बाहेर काढता येत नाही. तोंड उघडं ठेवणं हा हल्ल्याचा पवित्रा नसतो, डोकं फार तापू नये म्हणून ती असं करते. एक धोबी पक्षी तिच्या नाकापासून हातभर अंतरावर शेपूट हलवत किडे टिपत होता. तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

मामांनी लांबी काढली. डोक्याच्या साधारण सातपट लांबी असते असा ठोकताळा आहे. दुर्बिणीतून डोकं दीड फुटाच्या आत वाटलं, म्हणजे अंग नऊ-दहा फूट. नर याहून बरेच मोठे होतात, माद्या साधारण आठ फुटांच्या आसपास. ही मोठी मादी असेल किंवा तरुण नर. लांबून सांगता येत नाही.

मादी असेल तर हेच तिचे दिवस. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी रात्री काठावर चढून मागच्या पायांनी खड्डा करते, पंचवीस-तीस अंडी घालते, वाळू ओढून झाकते आणि जवळच राहते. अंडी उबवते ती वाळू. आणि पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या वाळूची ऊब ठरवते. साधारण ३१ अंशांपर्यंत सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. एक-दीड अंशाचा खेळ! घरटं किती खोल, सावलीत की उन्हात, वाळू की चिकणमाती, यावर पुढची पिढी ठरते. पंढरपूरला बोटाखाली लागलेली ती काळी माती मला इथे पुन्हा आठवली.

दोन-अडीच महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. मादी ते ऐकून वाळू उकरते, पिल्लांना जबड्यात उचलून पाण्यापर्यंत नेते. न फुटलेलं अंडं जबड्यात अलगद दाबून फोडून देते. ज्या जबड्याने कासवाचं कवच फुटतं त्याच जबड्याने. मद्रास क्रोकोडाइल बँकेत नरानेही पिल्लं वाहून नेल्याचं पाहिलं गेलं आहे. तरीही घोरपड, मुंगूस, कोल्हा, बगळे, मोठे मासे यांच्या तडाख्यातून मोठी होतात ती अगदी मोजकी. कातड्यासाठी बेसुमार शिकार झाली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मगरीला संरक्षण दिलं आणि १९७५ मध्ये देशाने मगर प्रकल्प सुरू केला म्हणून ती नद्यांतून टिकली. जगात तिची नोंद आजही 'असुरक्षित' अशीच आहे.

दहाच्या पुढे ऊन चढलं आणि ती आवाज न करता पाण्यात उतरली. तोवर आमच्याभोवती गावातली पाच-सहा माणसं जमली होती. एक आजी कानडीत बरंच बोलल्या, मला त्यातलं 'मोसळे' तेवढं कळलं. त्यांच्या सुनेने मराठीत सांगितलं, "आत्या म्हणतेत, त्येंच्या लहानपणापासनं हाय ती. कुणाला काय केलं न्हाय. पर आता बंधाऱ्यामुळं पाणी सदा भरलेलं असतंय, धुण्याच्या जागंपाशीच येतीया. पोरं उतरतेत. भ्या वाटतंय."

हे भय खोटं नाही. सांगली भागात कृष्णेकाठी माणसांवर हल्ले झाले आहेत, माणसं गेली आहेत. मगरीचं कौतुक करताना ते झाकून ठेवणं मला पटत नाही. पाणवठ्यावर वाकून बसलेलं माणूस मगरीला लहान जनावराएवढंच दिसतं, आणि धोका असतो तो त्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर. मी तिथे जे सांगितलं तेच इथे लिहिते. पहाटे आणि अंधारात पाण्याच्या कडेला बसू नये. रोज एकाच जागी, एकाच वेळी उतरू नये, ती लक्षात ठेवते. मासे साफ केलेली घाण, कोंबड्यांची पिसं, मेलेली जनावरं घाटापाशी टाकू नयेत. मार्च ते जूनमध्ये वाळूच्या दांड्यावर जनावरं आणि कुत्री सोडू नयेत, अंड्याजवळची मादी अंगावर येते. मगर गावात शिरली तर दोर आणि काठ्या घेऊन जाण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

मग मी श्रीलंकेतल्या कुंपणांबद्दल बोलले. तिथे काही नद्यांकाठी आंघोळीच्या आणि धुण्याच्या जागेभोवती पाण्यातच लाकडाचं किंवा बांबूचं अर्धगोल कुंपण रोवतात. पाणी आत-बाहेर खेळतं, मगर आत येत नाही. मगर पकडून दुसरीकडे नेऊन सोडली तर ती परत येते किंवा तिच्या रिकाम्या जागेत दुसरी येते. कुंपण मात्र जागच्या जागी काम करतं.

एवढं ऐकल्यावर मामांमधला जुना पाटबंधारेवाला जागा झाला. खिशातून वही काढून त्यांनी घाटाची आकृती काढली, पावलांनी लांबी मोजली, पाण्याची खोली काठीने बघितली. सुनेच्या नवऱ्याने बाभळीचे खुंट त्यांच्याच रानात निघतील असं सांगितलं. दोन खुंटांत वीतभराहून जास्त फट नको, वरून आडव्या पट्ट्या, आणि पुरात वाहून जाईल म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर नव्याने बांधायचं. ग्रामपंचायतीत विषय कोण मांडणार यावर थोडी बोलाचाली झाली. शेवटी आजींनी सुनेकडे बोट केलं.

कुडलला राहण्याची सोय नाही, सोलापुरातच मुक्काम करा आणि जेवण बरोबर न्या. सावली देवळात मिळते. देवळं आणि नदी दोन्ही नीट बघायची असतील तर पहाटे सहाला निघा, आधी नदी, ऊन चढल्यावर शिलालेख आणि शिवलिंग. दुर्बीण हवीच. ड्रोन उडवू नका, काठावरचे पक्षी उठतात आणि त्यांच्याबरोबर मगरही पाण्यात जाते.

मामांचा गेल्या आठवड्यात फोन आला. ग्रामसभेत सुनेने विषय मांडला, खुंट तोडून वाळत ठेवलेत, पण कुंपण कुठल्या बाजूला वळवायचं यावर दोन वाड्यांचं जमेना. मामा रविवारी पुन्हा जाणार आहेत, या वेळी मोजपट्टी घेऊन.